सड्याखालची विहीर

महिपत शिवगण हा पऱ्याच्या वाडीचा पाणीवाला. ग्रामपंचायतीच्या कागदावर त्याचं पद 'जलसुरक्षक' असं भारदस्त आहे, पण वाडीत त्याला तसं कोणी म्हणत नाही. सकाळी विहिरीवरचा पंप चालू करायचा, टाकी भरली की व्हॉल्व सोडायचा, टीसीएलची जंतुनाशक पावडर बादलीत कालवून पाण्यात ओतायची, औषधाचे दोन थेंब टाकून नमुना पिवळा होतोय का, म्हणजे पावडर पाण्यात टिकलीय का, ते बघायचं आणि महिन्यातून एकदा पाण्याची बाटली भरून आरोग्य केंद्रात पोचवायची, हे त्याचं काम. एकवीस वर्षं तो ते करतोय. साठीला आलाय, उजव्या गुडघ्यात कळ येते, तरी विहिरीच्या पायऱ्या तो अजून कठड्याला हात न लावता उतरतो.

हातखंब्याला हायवे सोडला की तासाभराच्या चालीवर ही वाडी. मागे कातळाचा उंच सडा, पुढे भातशेती, मध्ये चाळीस घरं, त्यातली निम्मी गणपती-शिमग्यालाच उघडणारी. विहीर सड्याच्या अगदी पायथ्याशी. तिच्या वरच्या अंगाला जांभा दगडाच्या कपारीतून मनगटाएवढी धार पडायची. वैशाखातसुद्धा पडायची. पाणी कितीही आटलं तरी नवव्या पायरीच्या खाली गेल्याचं महिपतने पाहिलं नव्हतं, आणि त्याच्या बापानेही नाही. आजूबाजूच्या वाड्या एप्रिलमध्ये टँकरची वाट बघायच्या तेव्हा त्यांचे पाव्हणे पऱ्याच्या वाडीत कळशी घेऊन यायचे. महिपतला त्याचा अभिमान होता. जणू ती धार त्यानेच सोडली होती.

ती धार येते कुठून, याचा विचार मात्र कोणी केला नव्हता. वर सडा होता, नुसता काळपट उघडा कातळ. पावसाळ्यात चार दिवस त्यावर निळी-पिवळी रानफुलं यायची, गुरं चरायची, मग वर्षभर ऊन खात पडलेला. सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराबा. तिथे आंबा लागत नाही, नाचणी होत नाही, घर बांधायलाही कोणी जात नाही. त्यामुळे बारा वर्षांपूर्वी शिमग्याला पुतण्या सागर कागद घेऊन आला, तेव्हा महिपतला त्यात मोडता घालण्यासारखं काही दिसलं नाही.

सागर हा त्याच्या थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ गोदीत काम करता करता वारला तेव्हा सागर सहा वर्षांचा होता. महिपतला आणि त्याच्या बायकोला, हौसाला, मूलबाळ नाही. त्या दोघांनीच त्याला दहावीपर्यंत वाढवलं, मग तो मुंबईला गेला, एका कुरियर कंपनीत लागला, लग्न झालं, मुलगी झाली. नालासोपाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहायचा. मालकाने खोली सोडायला सांगितली होती, आणि स्वतःची घ्यायची तर हाताशी काही हवं होतं. त्याच वेळी जांभ्याचे चौकोनी चिरे कापून विकणारा एक खाणवाला शेट सड्यावरच्या जमिनी बघत फिरत होता. जांभा उत्तम होता, रस्ता जवळ होता. शिवगणांच्या सामाईक सड्यावर सात नावं होती. सहा सह्या झालेल्या. सातवी महिपतची.

सागरने जबरदस्ती केली नाही. तो ओट्यावर बसला, कागद पुढे ठेवला आणि म्हणाला, "तात्या, तुम्हाला वाटलं तरच करा."

महिपतने विचारलं, की किती खोल काढणार? सागर म्हणाला, असतील दोन-चार वर्षं, चिरा संपला की जातील. कातळच तर हाय तात्या, त्याचा आपल्याला काय उपयोग? हौसाने आतून चहा आणला. सागरची पोर ओट्याच्या कडेला बसून पाय हलवत होती. महिपतने सही केली. शेजारच्या दोन भावकींनीही आपापल्या सड्यावर सह्या दिल्या होत्या, तेव्हा ही गोष्ट एकट्या महिपतची नव्हती. पण पुढे अनेकदा त्याला वाटत राहिलं, की आपण त्या दिवशी पाण्याची कामं करणारा माणूस म्हणून नाही, नुसता काका म्हणून विचार केला.

पहिली दोन वर्षं काही कळलं नाही. दिवाळीनंतर वर मशिनची घरघर सुरू व्हायची, चिरे भरून ट्रक खाली उतरायचे, वाटेवरच्या काजूंवर लाल धुरळा बसायचा. बायका कपडे आतल्या बाजूला वाळत घालू लागल्या, तेवढंच. तिसऱ्या वर्षी चैत्रात महिपत पायऱ्या उतरला आणि नववी पायरी कोरडी दिसली. दहावीही. त्याने पाऊस कमी झाला असेल असं मनाशी म्हटलं. पण पाऊस कमी झाला नव्हता, भात चांगलं आलं होतं.

चौथ्या वर्षी त्याने नीट लक्ष ठेवलं. खाण आता दोन पुरुष खोल गेली होती आणि पावसाळ्यात तिच्यात तलावासारखं पाणी साठायचं. काम सुरू करायचं तर ते उपसायला हवं, म्हणून दिवाळीनंतर शेटची माणसं मोठा पंप लावायची आणि पाणी सड्याच्या पलीकडच्या उतारावर सोडून द्यायची. पंप लागला तो मंगळवार होता. शनिवारी विहिरीतली कपारीची धार करंगळीएवढी झाली. दुसऱ्या मंगळवारी ती नुसती ठिबकू लागली. महिपत कितीतरी वेळ पायरीवर बसून ते थेंब बघत राहिला. त्याला भूगोल शिकवायला कोणी लागलं नाही. जांभा दगड म्हणजे बारीक भोकांची चाळण. पावसाचं पाणी तो पोटात घेतो आणि वर्षभर थोडं थोडं खाली सोडतो. ज्याला सगळे निकामी कातळ म्हणत होते तीच त्यांची टाकी होती. आणि ती टाकी चिरा चिरा करून ट्रकांतून निघून चालली होती.

तो खाणीवर गेला. मुकादम भला माणूस होता. त्याने महिपतला खुर्ची दिली, ऐकून घेतलं आणि सांगितलं की पाणी उपसल्याशिवाय मशिन उतरत नाही, आणि मशिन थांबवणं त्याच्या हातात नाही. शेटला फोन लावून दिला. शेटने वाडीसाठी बोअर मारून देतो म्हणून कबूल केलं आणि खरोखर दिलीही मारून. तीनशे फुटांवर पाणी लागलं, दोन उन्हाळे चाललं, मग त्यातून हवाच येऊ लागली.

पाणी कमी झालं इथवर वाडीने निभावून नेलं. गुरं ओढ्याकडे, पऱ्यावर न्यायची, कपडे दोन दिवसांनी धुवायचे, नळ एक दिवसाआड. पण सातव्या वर्षी खाणीचा तळ जांभ्याच्या खालच्या शेडीला लागला. शेडी म्हणजे जांभ्याखालची पांढरट गुलाबी चिकणमाती. हात लावला तर साबणासारखी बुळबुळीत. पावसाळ्यात ती कालवून खाली येऊ लागली. पऱ्या दुधासारखा वाहायला लागला आणि विहिरीचं पाणी ताकासारखं दिसू लागलं. कळशी रात्रभर ठेवली तर सकाळी तळाशी बोटभर साका बसायचा, तरी वरचं पाणी निवळायचं नाही.

महिपतचं खरं दुःख इथे सुरू झालं. गढूळ पाण्यात टीसीएल टिकत नाही. त्याने ठरल्याप्रमाणे पावडर टाकली, नमुन्यात थेंब टाकले, रंग आला नाही. पावडर दुप्पट केली, तरी नाही. आणखी टाकली तेव्हा पाण्याला इतका वास आला की बायकांनी ते ओतून दिलं. इतक्या वर्षांच्या कामात जी एक गोष्ट त्याला नेमकी येत होती तीच चालेनाशी झाली. आरोग्य केंद्रातून बाटलीचा अहवाल आला, त्यावर 'पिण्यास अयोग्य' असा शिक्का होता. त्याने तो ग्रामपंचायतीत दिला. ग्रामपंचायतीने पाणी उकळून गाळून प्यावं अशी नोटीस काढली आणि ती वाडीतल्या खांबांवर चिकटवायचं काम महिपतलाच सांगितलं.

त्या वर्षी गणपतीत घरं भरलेली होती. पाचव्या दिवशी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आधी मुंबईहून आलेली पोरं, मग मोठी माणसं. तीन दिवसांत एकोणीस जण. पालीहून डॉक्टर आले, शाळेच्या वर्गात सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना लटकवल्या. जनीकाकीची अवस्था सगळ्यांत वाईट होती. ब्याऐंशी वर्षांची, एकटी राहणारी म्हातारी, मुलगा विरारला. तिचं घर विहिरीपासून सर्वांत जवळ. नळ आला तरी तिने कळशी सोडली नव्हती. रोज सकाळी महिपत पंपाशी आला की ती पायरीवर भेटायची, त्याच्या आईच्या गोष्टी सांगायची. तिला रत्नागिरीला न्यावं लागलं. रुग्णवाहिकेत महिपत तिच्याबरोबर बसला. तिची नजर त्याच्यावरच होती, आणि तो खिडकीबाहेर बघत होता.

ती वाचली. अकरा दिवसांनी परत आली तेव्हा हातापायाच्या काड्या झाल्या होत्या. महिपत तिला भेटायला गेला आणि न राहवून म्हणाला, की काकी, सड्याच्या कागदावर माझीही सही हाय.

"म्हाईत हाय," जनीकाकी म्हणाली. "माझ्या झिलानेपण केलान सही. त्याला पण घर घ्यायचा व्हता. कोनाला कोन बोलनार, म्हैपत?"

तिने शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानंतर महिपतने अर्ज लिहिला. आयुष्यात त्याने कोणाविरुद्ध कागद केला नव्हता. हायस्कूलात शिकवणाऱ्या अक्षया बाईंनी त्याचं बोलणं नीट भाषेत उतरवून दिलं. विहिरीची पातळी कशी गेली, पंप कधी लागतो, शेडी कधीपासून येते, किती माणसं आजारी पडली. वाडीतल्या अठ्ठावीस जणांनी खाली सह्या-अंगठे केले. महिपत इस्त्रीचा शर्ट घालून रत्नागिरीला गेला आणि कलेक्टर कचेरीत अर्ज देऊन पोच घेऊन आला. पुन्हा गेला. पुन्हा गेला. चौथ्या खेपेला तिथल्या एका कारकुनाने खाणीची फाइल काढली. तरुण होता, उद्धट नव्हता. त्याने फाइलमधलं संमतीपत्र वर काढलं, महिपतचा अर्ज शेजारी ठेवला आणि दोन्हींवर बोट फिरवलं.

"महिपत बाबाजी शिवगण. हे तुम्हीच का?"

"हो."

"आणि हे?"

"तेही मीच."

कारकुनाने दोन्ही कागद एकावर एक ठेवले. मग हलक्या आवाजात म्हणाला, "काका, परवानगी देणारे तुम्ही आणि तक्रार करणारेही तुम्ही. वर हे गेलं की पहिला प्रश्न हाच येणार. मी काय लिहू सांगा."

महिपतने अर्जाची पोच घडी करून खिशात ठेवली. मागे रांग होती. तो बाजूला झाला. परतीच्या एसटीत त्याला खिडकीजवळ जागा मिळाली, पण हातखंब्याचा फाटा कधी आला ते कळलं नाही आणि तो पुढच्या थांब्यावर उतरून तेवढं अंतर मागे चालत आला. हौसाने विचारलं काय झालं, तर म्हणाला की साहेब रजेवर होते.

अर्ज अगदीच वाया गेला असंही नाही. पुढच्या उन्हाळ्यात भूजलाच्या खात्यातून एक बाई आल्या, मृणाली मॅडम. तिशीच्या असतील, पायात बूट, डोक्यावर टोपी. त्यांच्याबरोबर महिपत सगळा सडा फिरला. त्यांनी खाणीच्या भिंतीला हात लावून थर दाखवले. वरचा कडक, मग सच्छिद्र जांभा, मग शेडी. जे महिपतने थेंबांवरून ओळखलं होतं तेच त्या पुस्तकातल्या शब्दांत सांगत होत्या. त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं, की आपण खुळे नाही. मग मॅडमनी विचारलं, की खाणीच्या आधीच्या पातळीची काही नोंद आहे का? तारीखवार, मीटरमध्ये?

महिपतने पायऱ्यांचं सांगितलं. नववी पायरी. बापापासून.

मृणाली मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं, पण त्यांचा चेहरा पडला. सरकारी निरीक्षण विहीर इथून सहा किलोमीटरवर होती आणि तिची पातळी फारशी बदललेली नव्हती. त्या म्हणाल्या, "तुमचं खरं आहे, मला दिसतंय. पण मला दिसतंय हे अहवालात लिहिता येत नाही. निदान दोन वर्षं मोजमाप घ्यावं लागेल."

महिपतने विचारलं, की दोन वर्षांनी खाण बंद झाली, तर धार परत येईल का?

मॅडम खाणीच्या तळाकडे बघत राहिल्या. "काढलेला जांभा परत येत नाही, काका," त्या म्हणाल्या.

दोन वर्षं मोजमाप झालंच नाही. मॅडमची बदली झाली आणि त्यांच्या जागी आलेल्या माणसाकडे तीन तालुके होते. आणि खाण तशीही बंद झाली. कोणाच्या आदेशाने नाही, चिरा संपला म्हणून. गेल्या वर्षी मार्चमध्ये मशिन ट्रकवर चढवलं आणि शेट राजापूरकडच्या दुसऱ्या सड्यावर गेला. जाताना मुकादम महिपतला भेटून गेला, आंब्याची पेटी देऊन गेला. वर राहिला तो चार शेतांएवढा खड्डा, सरळ उभ्या भिंतींचा.

मागच्या पावसाळ्यात तो खड्डा काठोकाठ भरला, आणि वाडीला आशा लागली. ग्रामपंचायतीत ठरलं की तेच पाणी पाइपाने खाली आणू, गाळून देऊ. एक इंजिनिअर येऊन माप घेऊन गेला. महिपतने नमुना घेतला, अहवाल बरा आला. गढूळपणा होता पण गाळणीने गेला असता. कितीतरी वर्षांनी तो शिटी वाजवत घरी आला, हौसा त्याच्याकडे बघतच राहिली. त्याने तारेचं कुंपण घालायचं सुचवलं, गुरं पडू नयेत म्हणून. योजनेला मंजुरी मिळाली की घालू, असं उत्तर आलं.

मंजुरी आली नाही. त्याआधी ट्रक आले. हायवेच्या बाजूने सड्यावर यायला खाणवाल्याने केलेला चांगला रस्ता होताच. कोणी हॉटेलांचा कचरा टाकून जाई, कोणी कोंबड्यांची पिसं आणि आतडी, कोणी पाडलेल्या बांधकामाचा राडारोडा. कधी येतात, कोण येतात, ते सापडत नव्हतं. महिपत दोनदा दिवसभर वर जाऊन बसला, त्या दिवशी कोणी आलं नाही. पोलीस पाटलाने फलक लावला, तो आठवड्यात खड्ड्यातच पडलेला मिळाला. माघात पाणी हिरवं झालं, मग काळपट. त्याच्यावर पिसं तरंगत होती. आणि खड्ड्यातलं पाणी कुठे जातं ते आता महिपतला चांगलं ठाऊक होतं. उरल्यासुरल्या जांभ्यातून आणि शेडीच्या भेगांतून ते खालीच जायचं.

फाल्गुनात विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. बाटली गेली, अहवाल आला, आणि या वेळी त्याबरोबर लाल कार्डही आलं. विहीर बंद करावी, वर ठळक अक्षरांत तसं लिहावं. तांबड्या रंगाचा डबा आणि ब्रश ग्रामपंचायतीने दिला. महिपतने एका सकाळी कठडा घासून धुतला, सुकू दिला आणि गुडघ्यावर बसून अक्षरं काढली. 'पाणी पिण्यास योग्य नाही.' 'योग्य'चा 'ग्य' त्याला नीट जमला नाही, म्हणून पुसून पुन्हा काढला. जनीकाकी तिच्या दारातून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, तिने विचारलंही नाही.

पुढच्याच आठवड्यात तिचा मुलगा तिला विरारला घेऊन गेला. वाडीला आता टँकर येऊ लागला होता, म्हातारीला त्याच्या मागे धावणं जमणार नव्हतं आणि गेल्या आजाराचा धसका त्याने घेतला होता. सहाव्या मजल्यावरच्या घरात ती एकटी बसून असते, असं तो फोनवर सांगतो. जाताना ती गाडीपर्यंत चालत आली, महिपतच्या हाताला धरून. गाडीत बसल्यावर म्हणाली, "घराच्या दाराला वाळवी लागल हो. अधूनमधून उघडीत जा." महिपतने हो म्हटलं.

सागरचा फोन दर रविवारी येतो. त्याला सगळं माहीत आहे. त्या गणपतीत त्याचीही मुलगी त्या शाळेच्या वर्गात सलाइनवर होती. एकदा तो फोनवर रडला, म्हणाला, तात्या, मी तुम्हाला फसवलं का हो? महिपतने त्याला समजावलं, की तुलाही कुठे माहीत होतं, मलाही कुठे होतं. ते खरंच होतं, पण फोन ठेवल्यावर दोघांपैकी कोणालाच हलकं वाटलं नसेल. आता सागर म्हणतो की दोघंही इकडे या, निदान उन्हाळाभर तरी. स्वतःची घेतलेली खोली लहान आहे पण नळाला पाणी आहे.

हौसाचं मन तिकडे वळलंय. एका दुपारी टँकर येऊन गेल्यावर तिने तो विषय काढला. अंगणात पिंपं, हंडे, बादल्या ओळीने भरून ठेवलेल्या. महिपत एकेका पिंपात पावडरचं पाणी टाकत होता, कारण टँकर कुठून भरतात याची त्याला खात्री नव्हती.

"अवो, जायाचा काय?" हौसाने विचारलं. "हितं आता काय ठेवलाय?"

महिपतने नमुन्याच्या नळीत थेंब टाकले आणि ती उन्हात धरली. पाणी हळूहळू पिवळं झालं.

"ह्या ऱ्हायलेल्या अकरा घरांचा कोन करील?" तो म्हणाला.

हौसाने भरलेल्या पिंपांवर झाकणं ठेवली. अकरांतली दोन घरं मे महिन्यात निघणार होती हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही. त्याने नळी धुतली, डबी बंद केली आणि शेजारच्या अंगणातल्या पिंपांकडे गेला.